अख्ख्या वर्गाला एक कंगवा

प्रिय ताई,

काल आईचा फोन आला होता. आधी माझं खाणंपिणं, मग माझा खोकला, मग शेजारच्यांच्या कुत्रीला झालेली पिल्लं, असं सगळं फिरून झाल्यावर शेवटी तिने मुद्द्याची गोष्ट काढली, की तुझ्या भिंगरीच्या डोक्यात तिसऱ्यांदा उवा झाल्यात, शाळेने तिला पुन्हा घरी पाठवलंय, आणि तू येत्या रविवारी तिला न्हाव्याकडे बसवून सरळ मशीन फिरवणार आहेस. कमरेपर्यंतचे केस. वर आई म्हणाली, तिचं ठरलंय, तू मध्ये पडू नकोस. मी मध्ये पडत नाहीये, नुसतं पत्र लिहितोय. फोनच करणार होतो, पण आपले फोन कसे होतात ते तुलाही माहीत आहे. मी दोन वाक्यं बोलतो, तू म्हणतेस, "आधी एका जागी टिकून दाखव, मग मला शिकव," मग मी म्हणतो बरं ठेवतो. पत्रात तुला मधेच बोलता येत नाही, हा मोठा फायदा आहे. शुद्धलेखन बघत बसू नकोस. नववीपर्यंतच्या माणसाकडून मिळेल तेवढं घे. आजच कुरियरने टाकतोय, म्हणजे रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल.

गोदामातलं काम मी सोडलं, हे तुला आईने सांगितलं असेलच, तिच्या पद्धतीने. आता मी एका फोटोग्राफरबरोबर फिरतो. शाळाशाळांतून वर्गांचे फोटो काढायचे, हा त्याचा धंदा. मुलं त्याला फोटोकाका म्हणतात म्हणून मीही म्हणतो. माझं काम म्हणजे बाकं मांडायची, उंच मुलं मागे, बुटकी पुढे, मधल्यांना कोणीच विचारत नाही, त्यांना मधे. ताई, अख्ख्या वर्गाने एका वेळी डोळे उघडे ठेवणं ही किती अवघड गोष्ट आहे याची मला कल्पनाच नव्हती. एक तरी मिटतोच. काकांची युक्ती अशी, की आधी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि मग "उघडा!" म्हणून ओरडायचं. चालते बऱ्यापैकी. हां, तर सांगत काय होतो. माझं आणखी एक काम म्हणजे मुलांचे केस. खेळून आलेली असतात, भांग कुठल्या कुठे गेलेला. काकांनी पहिल्याच दिवशी माझ्या खिशात एक काळा कंगवा खोचला आणि सांगितलं, फोटोत झिपऱ्या दिसता कामा नयेत. तेव्हापासून ओळीने उभं करायचं आणि एकेकाच्या डोक्यावरून तो कंगवा फिरवायचा. अख्ख्या वर्गाला एकच. तू आत्ता कपाळाला हात लावला असशील. आम्हाला तेव्हा काही सुचलं नव्हतं, आम्हाला ते नीटनेटकेपणाचं काम वाटायचं.

आत्ता जिथे आहोत तिथल्या शाळेत चौथीच्या वर्गाचा फोटो होता. बाकं मांडून झाली, पाहिलं तर निम्मी मुलं गायब. वर्गाच्या बाई म्हणाल्या, उवांची साथ आहे, ज्यांच्या डोक्यात सापडल्या त्यांना घरी ठेवायला सांगितलंय. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण पार थकलेल्या. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे जायचा आणि त्या तो लाजून खाली घ्यायच्या. एक मुलगी मात्र आली होती. भर उन्हात लोकरीची टोपी, कानाखाली ओढलेली. बाकीची मुलं तिच्यापासून हातभर लांब उभी. तिला घरीच थांबायला सांगितलं होतं, पण फोटो चुकेल म्हणून ती टोपी घालून आली होती. मागून कोणीतरी "उवांची राणी" म्हणालं, आणि ती वळून शांतपणे म्हणाली, "तुझ्याच घरून आल्यात, परत पाठवू का?" मला एकदम भिंगरीच वाटली. बाईंनी तिला समजावून बाजूला बसवलं. काकांनी कॅमेऱ्यातून एकदा पाहिलं, मान वर केली आणि म्हणाले, अर्धा वर्ग म्हणजे वर्ग नव्हे, आम्ही पुढच्या सोमवारी येतो. मला वाटलं काकांना दया आली. नंतर म्हणाले, दया कसली, बाकं रिकामी दिसतात.

म्हणून आम्ही इथल्या लॉजवर आठवडाभर अडकलो. लॉज बरा आहे. नळ सोडला की आधी हवा येते, मग खोकला, मग पाणी. दुसऱ्या दिवसापासून काकांचं डोकं खाजायला लागलं. आता काकांच्या डोक्यावर केस म्हणजे कानापासून कानापर्यंत नुसती झालर आहे, वर सगळं मोकळं मैदान. ते मानायलाच तयार नाहीत, उन्हाने होतंय म्हणे. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं, झालर बाजूला केली, आणि ताई, एक ऊ आरामात चालली होती. एवढ्या लहान जागेतही तिचं बरं चाललं होतं. काकांनी मला म्हटलं, आता तू बस. माझ्या डोक्यात काय असणार हे तुला सांगायला नको, माझे केस तू पाहिलेत. मग दोघंही बराच वेळ टेबलावर पडलेल्या त्या काळ्या कंगव्याकडे बघत बसलो.

औषधाच्या दुकानातल्या बाईंचा आवाज कुस्तीच्या आखाड्यात चालेल असा. मी हळूच विचारलं, तर त्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "उवांचं औषध कोणाला, तुला का?" मागच्या आजोबांनी लगेच दोन पावलं मागे घेतली. पण बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. मी तुला सांगतो, कारण मला आत्तापर्यंत अर्धं माहीतच नव्हतं. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, ती नुसती चालते. डोक्याला डोकं लागलं की या डोक्यावरून त्या डोक्यावर. कंगव्यातूनही जाऊ शकते, पण खरा रस्ता डोक्याला डोकं हाच. केस स्वच्छ असोत की मळके, तिला काही फरक पडत नाही, म्हणजे भिंगरीच्या शाळेतल्या कोणी नाक मुरडलं असेल तर ते खुशाल ऐकून सोडून दे. केसांपासून सुटली की एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे अख्खं घर उकळत बसायची गरज नाही. औषध खोक्यावर लिहिल्याप्रमाणेच लावायचं, मग ओल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत, एकेक बट घेऊन. फणी दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसायची. लिखा चिकट असतात, राहून जातात आणि त्यांतून पुन्हा उवा निघतात, म्हणून आठवड्याने सगळं परत करायचं. अर्धे लोक इथेच चुकतात म्हणे. आणि रॉकेल अजिबात नाही, आई कितीही म्हणाली तरी.

फणी हातात घेतली आणि मला एकदम आपल्या घराची मागची पायरी आठवली. तू वरच्या पायरीवर, मी खालच्या, माझं डोकं तुझ्या गुडघ्यांत पकडलेलं. मी हललो की तू फणीची पाठ टाळक्यात मारायचीस. एक सापडली की दोन अंगठ्यांच्या नखांत धरून "टक्" करायचीस आणि म्हणायचीस, हा बघ, हा तुझा गणिताचा पेपर गेला. मी रडायचं विसरून पुढचा पेपर कुठला ते विचारायचो. आई कामावरून येईपर्यंत आपलं सगळं आटपलेलं असायचं. तुला आठवतं का माहीत नाही. मला त्या पायरीचा गारवासुद्धा आठवतो. नंतर भिंगरी झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता हिचं डोकं गुडघ्यांत जाणार. पण तुमच्याकडे ते काम भावोजींनी घेतलं. सकाळी शाळेच्या घाईत उभ्या उभ्या वेणी घालायचे, रबर दातांत धरून, आणि डावी वेणी कायम उजवीपेक्षा ढिली. एकदा मी म्हटलं, भावोजी, डावीकडे झोल आहे. तर रबर दातांत तसंच ठेवून म्हणाले, "उजवी शाळेसाठी, डावी माझ्यासाठी." अजून मला त्याचा अर्थ कळलेला नाही. भिंगरीला कळायचा बहुतेक, ती हसायची.

हां, तर ती टोपीवाली. लॉजच्या समोरच एक शिवणाचं दुकान आहे, एक मशीन, एक आरसा आणि पडद्यामागे राहायची खोली. माझी पँट उसवली होती ती घेऊन गेलो, तर काउंटरखाली तीच मुलगी, टोपीसकट, कापडाच्या चिंध्यांची बाहुली करत बसलेली. मला ओळखून म्हणाली, "आई, हा कंगवेवाला." मी म्हटलं, मी फोटोवाला आहे. म्हणाली, "फोटो तर काढलाच नाही." तिची आई म्हणजे त्या दुकानाची शिंपीणबाई. हात मशीनवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी, दोन्ही एकाच वेगात. मी पँट दिली, विषय निघाला, आणि तिने सगळं भडाभडा सांगितलं. दोनदा औषध झालं. उशांचे अभ्रे उकळले, टॉवेल उकळले, बाहुलीसुद्धा उकळली. चार दिवस बरं असतं, मग परत. आता सोमवारी फोटो आहे, लेकीला फोटोत उभं राहायचंय, शाळा म्हणते डोकं साफ पाहिजे, तर उद्या हीच कात्री घेते आणि बॉबकट करून टाकते, कटकट गेली. हे सांगताना ती कापडावर खुणा करायचा खडू हातात धरून होती आणि मधे मधे कानामागे खाजवत होती. त्याच खडूने. ताई, मी तिच्या मागच्या आरशात पाहिलं. तिच्या मानेवर, कानांच्या मागे, अंबाड्याच्या खाली, सगळीकडे निळ्या खडूच्या रेघा. आजच्या, कालच्या, एकीवर एक. लेकीच्या टोपीत शोधत होती आणि स्वतःच्या मानेवर नुसता नकाशा काढून ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

मला कसं विचारावं कळेना. परक्या बाईला, तुमच्या डोक्यात उवा आहेत, असं कसं म्हणणार? म्हणून मी आधी माझं सांगितलं. म्हटलं, माझ्या निघाल्या, आमच्या काकांच्या तर टकलावर निघाल्या, तुमचं डोकं कोणी बघितलं का? ती हसली. म्हणाली, "माझं कोण बघणार? मी हिचं बघते. घरात आम्ही दोघीच." असं अगदी साधं म्हणाली, म्हणजे दूध संपलंय म्हणावं तसं. आणि मग मशीनचं पायडल थांबलं. तिचा हात आपोआप मानेकडे गेला, बोटाला खडू लागला, तो तिने पाहिला. काउंटरखालून टोपीवाली बाहेर आली आणि म्हणाली, "मी बघते."

मी पँट ठेवून निघायला हवं होतं, पण पँट तिच्याकडेच होती आणि मी लॉजवाल्याची लुंगी नेसून आलो होतो, दुसरी पँट वाळत होती, म्हणून बसलो. शिंपीणबाई स्टुलावर पाठमोरी बसली, खांद्यांवर पांढरा कपडा, आणि नऊ वर्षांची पोर मागे पेटीवर उभी राहिली. तिने अंबाडा सोडला. बाई म्हणाली, जपून, गुंता आहे. तर पोर हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, "हलू नकोस! किती वेळा सांगायचं?" आणि फणीची पाठ टाळक्यात. बाईने वळून बघितलं, तर पोरीने दोन्ही हातांनी तिचं डोकं पुन्हा पुढे फिरवलं. पहिल्या बटेलाच निघाल्या. दुसऱ्याही बटेला. पोर प्रत्येक वेळी कपडा आईपुढे धरून दाखवत होती, परीक्षेत पहिली आल्यासारखी. बाई सुरुवातीला लाजली, मग हसली, आणि थोड्या वेळाने सैल बसली. मान खाली, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "थांबू नको गं. बरं वाटतंय." कोणी तिच्या केसांना शेवटचा हात कधी लावला होता कोण जाणे. मी आरशाकडे बघायचं सोडून बाहेर रस्त्याकडे बघत बसलो.

दोघींनी एकाच दिवशी औषध लावलं. सोमवारी वर्गाच्या बाईंनी शाळेच्या दारातच दिवा लावून टोपीवालीचं डोकं तपासलं, जिवंत एकही नाही, लिखांसाठी पुढच्या आठवड्यात परत फणी फिरवायची ठरली, आणि ती आत आली. टोपीशिवाय. केस लांब होते, दोन वेण्या, एकीला पिवळ्या कापडाची पट्टी, दुसरीला चौकड्याची. काकांनी तो काळा कंगवा आदल्या दिवशीच कचऱ्यात टाकला होता आणि शाळेला निरोप दिला होता की प्रत्येकाने आपापला कंगवा आणायचा. आणला सगळ्यांनी. भांग पाडून झाल्यावर कंगवे कुठे ठेवायचे हे कोणालाच सुचलं नाही, काका "उघडा!" म्हणून ओरडले, आणि आता त्या फोटोत निम्म्या वर्गाच्या हातात कंगवा आहे. एकाने तर तलवारीसारखा धरलाय. टोपीवाली पहिल्या ओळीत मधोमध, "उवांची राणी" म्हणणारा तिच्या शेजारी, आणि त्याचे डोळे मिटलेले. काका म्हणाले, परत काढू. ती म्हणाली, "नको, हाच छान आहे."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या महिन्यात आपण व्हिडिओवर बोललो, म्हणजे भिंगरी बोलली आणि तू मागे टेबलावर ऑफिसचं काम करत होतीस. तू सारखी पेन्सिल अंबाड्यात खुपसत होतीस, काढत होतीस, पुन्हा खुपसत होतीस. मला वाटलं, हिशेब जुळत नसेल. ती पेन्सिल मला शिंपीणबाईच्या दुकानात, तो खडू बघताना आठवली. ताई, तू भिंगरीचं डोकं तीनदा साफ केलंस. रात्री ती तुझ्याच कुशीत झोपते, आईने सांगितलंय, भावोजी गेल्यापासून वेगळी झोपतच नाही. तुझं डोकं कोण बघतं? वर्ष होत आलं, तू सगळ्यांना सांगितलंस की मला कोणाची गरज नाही, येऊ नका, आणि आम्ही सगळे आज्ञाधारक, आलो नाही. भिंगरीचे केस कापायचे असतील तर काप, ती हो म्हणाली तर. रोज सकाळी ती वेणी घालणं तुला जड जात असेल, तर तेही मला कळतं, कोणाला सांगायची गरज नाही. पण उवांसाठी कापू नकोस, कारण त्या तिच्या डोक्यात राहतच नाहीत, नुसत्या येऊन-जाऊन असतात. मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतोय. विचारत नाहीये, सांगतोय. फणी आणि औषध माझ्याकडे आहे, तू फक्त पांढरा टॉवेल काढून ठेव. रविवारी न्हाव्याकडे जायच्या वेळेला तू खालच्या पायरीवर बसायचं, मी वरच्या, आणि हललीस तर फणीची पाठ. भिंगरीच्या वेण्याही मी घालीन, डावीकडे झोल आपोआपच येईल. आणि हे सगळं आठवड्याने परत करावं लागतं, नाहीतर पहिलं केलेलं वाया जातं, म्हणजे मला तेवढे दिवस तरी तिथेच राहावं लागेल. काकांना सांगून ठेवलंय. एका जागी टिकून दाखव म्हणायचीस ना, तर लिखा फुटेपर्यंत टिकतो. पुढचं पुढे बघू.

शनिवारी दार उघडशील ना, या भरवशावर,

तुझाच,
खालच्या पायरीवरचा भटक्या